जुना गेम किती वीज खातो

नागपूरच्या उन्हाळ्यात गेम खेळणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, सॉकेटमधून जितकी वीज ओढतो, तितकीच उष्णता तो खोलीत सोडतो. पडद्यावर गाडी पळो, चेंडू सीमेपार जावो की राक्षस मरो, शेवटी सगळ्याची गरम हवाच होते आणि मागच्या जाळीतून ती आपल्या अंगावर येते. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत खिडकीतला कूलर ताटीवर पाणी सोडून सोडून खोली कशीबशी बसण्याजोगी करतो आणि त्याच खोलीत आपण 200 वॅटचं यंत्र सुरू करतो. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे न बोलणारे दोन पाहुणे येऊन सोफ्यावर बसले आणि उठायचं नावच घेईनात, असा तो प्रकार.

माझ्या बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. घरात नवीन वस्तू आली की किमतीच्या आधी ते विचारतात, "किती खाते?" प्लगमध्ये अडकवायचा वॅटमीटर त्यांनीच आणलेला. मिक्सर, इस्त्री, कूलरचा पंप, सगळं त्याच्यातून गेलं, आणि मग दादाचे आणि माझे कन्सोलही. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीकडे, म्हणजे जुना गेम नव्या कन्सोलवर चालण्याकडे, मी त्या मीटरमुळेच वेगळ्या नजरेने बघू लागले. हा विषय निघाला की लोक आठवणींबद्दल बोलतात, बालपणाबद्दल बोलतात. तो जिव्हाळा मलाही आहे. पण जुना गेम चालतो का, एवढं विचारून मला पुरत नाही. तो किती विजेत चालतो, हेही मला हवं असतं.

सुरुवात पीएस टूची, म्हणजे सोनीच्या दुसऱ्या प्लेस्टेशनची. आमच्याकडे होता तो 2004 नंतरचा स्लिम, वहीएवढा, बाहेर 8.5 व्होल्टचा अडॅप्टर. मीटरवर तो पंचवीस-तीस वॅटच्या आसपास असायचा. तेव्हा विदर्भात भारनियमन जोरात होतं. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आमच्या डोळ्यांसमोर, त्यांची राख आमच्याकडे आणि अंधारही आमच्याच वाट्याला, हे तेव्हा चौकाचौकात ऐकू यायचं. लाइट गेली की पंखा, एक ट्यूब आणि छोटा टीव्ही इन्व्हर्टरवर चालायचा, आणि त्या यादीत पीएस टूला जागा मिळाली ती केवळ त्या आकड्यामुळे. बाबांनी मीटर बघितला आणि म्हणाले, "हे तर ट्यूबलाइटपेक्षाही कमी खाऊन राहिलं. खेळा." वीज केंद्रातल्या माणसाकडून एवढी परवानगी म्हणजे खूप झालं. शेजारचे पोट्टे सगळे आमच्याकडे जमायचे.

त्या यंत्रात पीएस वनचे गेमही चालायचे आणि ते कसे चालायचे हे मला आजही फार सुंदर वाटतं. पीएस टू मार्च 2000 मध्ये जपानात आला, तेव्हा आतमध्ये पीएस वनचा प्रोसेसर ठेवलेला होता, पण निव्वळ जुन्या गेमसाठी राखून नव्हे. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड, यूएसबी अशी बारीकसारीक कामं सांभाळायचा, 36.8 मेगाहर्ट्झच्या गतीने. काळ्या पाठीची पीएस वनची डिस्क आत गेली की तोच आपला मूळचा 33.8 मेगाहर्ट्झचा वेग धरायचा आणि मुख्य प्रोसेसर व्हायचा. रोजच्या कामातला गडी गरज पडली तेव्हा पुढे आला. जुन्या गेमसाठी वेगळी वीज नाही, वेगळी चिप नाही, काही वाया नाही. पुढच्या स्लिममध्ये हीसुद्धा चिप काढून तिचं काम दुसऱ्या चिपवर सॉफ्टवेअरने चालवलं गेलं, पण ती पहिली रचना मला अधिक आवडते.

मावशीने सिंगापूरहून आणलेला गेमबॉय ॲडव्हान्स, निंटेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, दादाने एकदा उघडला होता, तेव्हा मी शेजारी बसून बघत होते. कॅसेट जिथे बसते त्या खाचेच्या कडेला प्लॅस्टिकचा एक इवलासा खटका. गेमबॉय ॲडव्हान्सची कॅसेट आखूड, तिचा आकार असा की ती त्या खटक्याला लागतच नाही. जुन्या गेमबॉयची कॅसेट घातली की तिची कड खटक्याला दाबते. तेवढ्याने दोन गोष्टी होतात. एक तर आत जपून ठेवलेला जुना 8 बिटचा प्रोसेसर कामाला लागतो. दुसरं म्हणजे कॅसेटला जाणारा विजेचा दाब बदलतो: नव्या कॅसेटला 3.3 व्होल्ट, जुनीला 5. बोटाने दाबला की टिक् असा आवाज यायचा, कॅसेट सरकवताना मात्र तो ऐकूही येत नव्हता. बाबांनी चष्मा लावून तो खटका बघितला, दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "जुन्या लोडला जुना व्होल्टेज. बरोबर केलं त्यायनं." 1989 च्या गेमबॉयची कॅसेट 2001 च्या यंत्रात, दोन एए सेलवर! कॅसेटचा आकार हाच संदेश होता, त्याच्यासाठी एक ओळ सॉफ्टवेअर लागलं नाही. जुन्या गेमला त्याच्या गरजेइतकं द्यायचं, हा विचार इतक्या साध्या रीतीने केलेला मी नंतर कुठेच पाहिला नाही.

मग पीएस थ्री आला, आणि हिशेब उलटा झाला.

2006 च्या नोव्हेंबरमध्ये जपान-अमेरिकेत आलेल्या पहिल्या पीएस थ्रीमध्ये पीएस टूच्या दोन्ही मुख्य चिप जशाच्या तशा बसवल्या होत्या. 2007 मध्ये युरोपात गेलेल्या मॉडेलमध्ये त्यातली प्रोसेसरची चिप गेली, ग्राफिक्सची राहिली, आणि उरलेलं काम सॉफ्टवेअरवर आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस 40 जीबीचं स्वस्त मॉडेल आलं, त्यात पीएस टूचे गेम पूर्ण बंद. खर्च कमी करायचा होता, आणि पहिला घाव जुन्या गेमवर पडला. पीएस वनच्या डिस्क मात्र पीएस थ्रीचं प्रत्येक मॉडेल शेवटपर्यंत वाचत राहिलं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मामाच्या मुलाकडे तो पहिला जाडजूड 60 जीबीवाला होता. त्याच्यावर आम्ही आमचीच पीएस टूची क्रिकेटची डिस्क लावली. तीच टीम, तेच स्टेडियम, तोच समालोचक. मीटरवर आकडा पावणेदोनशेच्या आसपास. आमच्या घरी तीस वॅटमध्ये होणारी मॅच इथे सहापट वीज घेत होती. कारण उघड आहे. त्या काळच्या 90 नॅनोमीटरच्या चिप (हा आकडा जितका मोठा, तितकी चिप त्याच कामाला जास्त वीज खाते), 3.2 गिगाहर्ट्झचा सेल प्रोसेसर आणि त्याच्याइतकीच तापणारी ग्राफिक्स चिप, हे सगळं जागं राहिल्याशिवाय यंत्र चालतच नव्हतं. जुना गेम हलका असला तरी घर चालवण्याचा खर्च पूर्ण लागायचा. मामींना आकडे माहीत नव्हते, पण त्यांच्या लक्षात आलं होतं. "कूलर तुमच्यासाठी लावला की त्या डब्यासाठी?" असं म्हणत त्या दुपारी येऊन तो बंद करायच्या.

तो डबा उन्हाळ्याच्या तोंडावर उघडून साफ करायचं काम माझ्याकडे असायचं. कूलरसमोर ठेवलेल्या यंत्रात जी धूळ बसते ती कोरड्या खोलीतल्या धुळीसारखी नसते. कूलरची हवा दमट, त्यात बाहेरची माती आणि ताटीचा भुसा. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या, पत्र्यांमध्ये त्याचा करड्या रंगाचा थर जमतो, फुंकरीने उडत नाही, ब्रशनेही नीट निघत नाही. टूथपिकने पत्र्या-पत्र्यांमधून तो सोलून काढायचा, मग चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. असा थर बसला की पंखा जोरात फिरतो आणि गरम चिप त्याच कामाला आणखी थोडी जास्त वीज घेते. ज्याच्या घरी कूलर आहे त्याने कन्सोल कूलरच्या झोतात ठेवू नये, बाजूला ठेवावा. गार हवा मिळते म्हणून समोर ठेवणारे खूप आहेत.

उष्णतेने काय होतं ते त्या पिढीने जगाला दाखवलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 चा अडॅप्टरच 203 वॅटचा, विटेएवढा. चालू-बंद होताना चिप तापणार, निवणार, पुन्हा तापणार, आणि त्या ओढाताणीत आतली जोडणी तडकणार. लाल दिव्यांचं ते वर्तुळ दिसलं की यंत्र गेलं. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली. पुढे चिप लहान होत गेल्या तसा विजेचा आकडा उतरला. 2009 चा पीएस थ्री स्लिम आणि 2010 चा बारीक 360, दोन्ही पहिल्या मॉडेलच्या साधारण निम्म्या विजेत तेच गेम चालवायचे. निम्म्या! त्याची जाहिरात कुणी मोठ्या अक्षरांत केली नाही, लोकांनी फक्त "पातळ झाला" म्हटलं.

त्याच 2006 मध्ये आलेला निंटेंडोचा विई मात्र पंधरा-अठरा वॅटमध्ये खेळायचा आणि त्याच्या आधीच्या गेमक्यूबच्या डिस्क थेट वाचायचा. त्याचा प्रोसेसर गेमक्यूबच्याच प्रोसेसरचा पुढचा, वेगवान अवतार होता. जुना गेम आला की वेग उतरवायचा, बस. निंटेंडोने त्या काळात चित्राच्या बाबतीत मागे राहणं पत्करलं, आणि त्यासाठी तिला बरंच ऐकावं लागलं. मला विचाराल तर त्या पिढीतला सर्वांत शहाणा निर्णय तोच.

पीएस फोरने 2013 मध्ये सगळे दोर कापले. पीएस थ्रीचा सेल प्रोसेसर इतका वेगळा होता की त्याचे गेम नव्या चिपवर चालवणं जमलंच नाही. पण त्याच पीएस फोरमुळे पीएस फाइव्हचं काम सोपं झालं, कारण दोन्हींचा वंश एक. 2020 च्या मार्चमध्ये सोनीसाठी हे कन्सोल रचणाऱ्या मार्क सर्नी यांनी पीएस फाइव्हची रचना समजावून सांगितली होती. ते व्याख्यान मी रात्री कूलरच्या घरघरीत कानात हेडफोन घालून ऐकलं. जुनी चिप शेजारी बसवण्याऐवजी नव्या चिपच्या रचनेतच जुन्या रचनेच्या सगळ्या सवयी सामावून घेतल्या, असं ते सांगत होते. त्यामुळे पुढे खर्च वाचवायला कुणी तो भाग कापून टाकेल ही भीतीच उरत नाही. पीएस थ्रीचं जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून केलेली ही तरतूद होती.

त्याच व्याख्यानातली आणखी एक गोष्ट ऐकून मी उठून बसले. पीएस फाइव्हची गती विजेच्या ठरलेल्या मर्यादेवर चालते, तापमानावर नाही. चिप किती गरम झाली हे बघून वेग कमी-जास्त केला असता, तर गरम जागी ठेवलेला कन्सोल थंड जागच्यापेक्षा सावकाश चालला असता. तसं व्हायला नको म्हणून चिप काय काम करते आहे तेवढंच बघून वेग ठरतो. म्हणजे नागपुरात धंतोलीतल्या खोलीत मे महिन्यात चालणारा गेम आणि शिमल्यात जानेवारीत चालणारा गेम एकाच गतीने चालणार. आमच्यासारख्या गावांचा विचार कुणीतरी केला होता, निदान परिणाम तरी तोच झाला. शिवाय ते म्हणाले की भरगच्च दृश्यापेक्षा साधं दृश्य कधीकधी जास्त वीज घेतं. होरायझन या गेमच्या नकाशाच्या पडद्यावर त्यांचा पीएस फोर प्रो फार तापायचा, तो बहुधा त्यामुळेच. तो नकाशा उघडला की आमच्याकडेही पंखा घोंघावायचा! इतकी वर्षं मी ते धुळीच्या खात्यात टाकत होते.

पीएस फाइव्ह भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला, 49,990 रुपयांना. दादाने घेतला आणि बाबांनी अर्थातच मीटर लावला. नवा गेम दोनशेच्या आसपास. मग पीएस फोरचा गेम लावला: शंभरच्या आसपास. जुन्या पहिल्या पीएस फोरवर हाच गेम एकशेचाळीसपर्यंत जायचा. 28 नॅनोमीटरची चिप जाऊन 7 ची आली, त्याचा हा फायदा. जुना गेम नव्या यंत्रावर जुन्यापेक्षा कमी विजेत, कमी आवाजात, आणि पटकन उघडणारा. बाबांनी आकडा कागदावर लिहून घेतला. मला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणून हेच हवं होतं.

5 जून 2025 ला आलेल्या स्विच टूच्या वेळी निंटेंडोच्या इंजिनिअरांनी हाच मुद्दा उघडपणे मांडला. नव्या यंत्राची रचना जुन्या स्विचपेक्षा वेगळी. पूर्ण एम्युलेशन करायचं, म्हणजे नव्या यंत्राने सॉफ्टवेअरमध्ये जुन्याचं सोंग घ्यायचं, तर यंत्र सगळ्या ताकदीनिशी राबवावं लागलं असतं आणि बॅटरी टिकली नसती. म्हणून त्यांनी एम्युलेशन आणि जुनी चिप यांच्या मधला मार्ग काढला, गेमच्या सूचना चालता-चालता नव्या भाषेत वळवून घेण्याचा. हातात धरायच्या यंत्राला हा विचार करणं भाग पडतं, कारण बॅटरी खोटं बोलू देत नाही. भिंतीत प्लग असलेल्या यंत्रांवर अशी सक्ती नाही, म्हणून तिथे ढिलाई होते.

ढिलाईचा सर्वांत मोठा नमुना खेळताना नव्हे, यंत्र झोपलेलं असताना सापडतो. एक्सबॉक्सच्या स्लीप मोडमध्ये 10 ते 15 वॅट जातात. पूर्ण बंद मोडमध्ये अर्धा वॅट. हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलेले आकडे आहेत, आणि 2022 पासून नव्या यंत्रांवर बचतीचा मोड आधीच निवडलेला असतो. आता हिशेब करा. 12 वॅट, रोज 20 तास: वर्षाला सुमारे 88 युनिट. आमचा पीएस टू स्लिम रोज दोन तास खेळला तर वर्षाला 22 युनिट. म्हणजे एक यंत्र वर्षभर रोज खेळून जितकी वीज घेतं, त्याच्या चौपट दुसरं यंत्र काहीही न करता घेतं. कोळशावरच्या विजेला युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. 88 युनिटांना साठ-पासष्ट किलो होतो. आपल्याकडच्या कोळशात राख तीसेक टक्क्यांहून जास्त, ती कुठे साठते हे कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारायला नको. ज्यांच्या घरी कन्सोल स्लीपवर राहतो त्यांनी आज सेटिंग बदलावी. गेम सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, बाकी काही फरक पडत नाही.

माझी खरी काळजी पीएस थ्रीच्या डिस्कची आहे. सोनीने त्यांच्यासाठी स्ट्रीमिंगचा मार्ग ठेवला आहे, म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे चित्र येतं. वीज लागतेच, फक्त दुसऱ्याच्या बिलात. पण ती योजना भारतात नाही. इथे सोनीच्या प्लेस्टेशन प्लस या वर्गणीची वरची पायरी डिलक्सची, तिच्यात जुने काही गेम आहेत, स्ट्रीमिंग नाही. म्हणजे नागपुरातल्या माणसाला पीएस थ्रीची डिस्क सरळ मार्गाने खेळायची तर पीएस थ्रीच लागतो. पीएस टूच्या डिस्कचंही तेच: पीएस फोर आणि फाइव्ह त्या वाचत नाहीत. 2009 मध्ये आपल्याकडे पीएस टूसाठी हनुमानावरचा गेम आला, हैदराबादच्या कंपनीने केलेला, आणि देसी अड्डा आला, ज्यात कबड्डी, पतंग आणि विटीदांडू होते. परदेशातला गाजलेला गेम दहा वर्षांनी नव्या रूपात विकायला परत येतो. विटीदांडूचा गेम कोण परत आणणार? तो जगला तर जुन्या डिस्कवर आणि ती वाचणाऱ्या तीस वॅटच्या यंत्रावर जगेल.

म्हणून "जुनं यंत्र म्हणजे विजेची नासाडी" असं कुणी सरसकट म्हटलं की मी थांबवते. पीएस टू स्लिम जपावा. पहिला जाडा पीएस थ्री नाइलाज असेल तरच चालवावा, त्याऐवजी 2009 नंतरचा स्लिम शोधावा, आणि पीएस टूच्या गेमसाठी पीएस टूच वापरावा. पीएस फोर विकून पीएस फाइव्ह घेतला आणि तेच गेम खेळले तर बिल कमी येईल. पीएस फोरही ठेवला, फाइव्हही घेतला आणि दोन्ही रेस्ट मोडवर, म्हणजे सोनीच्या स्लीप मोडवर, सोडले, तर येणार नाही.

हे सगळं कळायला प्रत्येकाच्या घरी वॅटमीटर असावा लागू नये. एसी घेताना, फ्रिज घेताना आपण तारे मोजतो. कन्सोलच्या खोक्यावर तसं काही नाही. युरोपात सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निंटेंडो यांनी केलेला स्वेच्छा-करार 2015 मध्ये तिथल्या आयोगाने मान्य केला, आणि त्यामुळे विजेचे आकडे त्यांना जाहीर करावे लागतात. तेच यंत्र इथे विकलं जातं, मग तेच आकडे इथल्या खोक्यावर का नसावेत? मला तीनच हवेत: नवा गेम खेळताना किती, मागच्या पिढीचा गेम खेळताना किती, आणि झोपेत किती. दुकानदार तिसरा आकडा सांगू शकला तर मी त्याच्याकडूनच घेईन.

सध्या बर्डीतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सांगून ठेवलं आहे, पीएस थ्री स्लिम आला की कळवा म्हणून. दुकानातले काका म्हणाले, "ताई, आता कोण खेळते ते? नवा घ्या ना." मी म्हटलं, डिस्क घरी आहेत. बाबा सोबत होते, त्यांनी पिशवीतून मीटर काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, यंत्र आल्यावर इथेच लावून बघता येईल का. काकांनी मागचं सॉकेट दाखवलं.